चुलीतोंडचा श्वास

"बाई, तुम्ही जरा मागे जाऊन उभ्या राहा. तुमच्या पातळाला धुराचा वास येतोय."

शाळेच्या अध्यक्षांच्या पत्नी हे म्हणाल्या. कानात नाही म्हणाल्या. चारचौघांत, स्वच्छ आवाजात, नाकाला पदर लावून.

शाळेचा रौप्यमहोत्सव होता. झावळ्यांचा मांडव. पुढच्या खुर्च्यांवर मुंबईहून आलेले पाहुणे. माझ्या हातात इंग्रजीतलं स्वागताचं भाषण. ते मी लिहिलं होतं आणि मीच वाचणार होते, कारण त्या शाळेत इंग्रजी घेऊन पदवीधर झालेली मी एकटीच होते. मुख्याध्यापकांनी एकदा त्या बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या हातातला कागद काढून त्यांनी चित्रकलेच्या सरांना दिला. सर अडखळत वाचत गेले. निम्मे शब्द त्यांनी गिळले, उरलेले मोडले. तरी टाळ्या पडल्या. मी मांडवामागे पाण्याच्या पिंपापाशी उभी राहून स्वतःचीच वाक्यं ऐकली.

पातळ धुतलेलं होतं. रिठ्याच्या पाण्यातून काढलेलं, खळ घातलेलं, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेलं. पण मी पहाटेपासून चुलीपुढे होते. घरच्या सगळ्यांची पेज, भाकऱ्या, न्हाणीचं पाणी. पातळ बदलता येतं. केस बदलता येत नाहीत. कातडी बदलता येत नाही.

रेवा, चिन्मय, तुम्हाला हे मी कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण परवा फोनवर तुम्ही दोघं माझ्यावर रुसलात. मी चूल मोडली हे तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं. रेवा म्हणाली, "आजी, आता गावाला आल्यावर भाकरी कशावर?" आणि चिन्मय म्हणाला, "पण ती आपली हेरिटेज होती ना."

हेरिटेज. बरं. त्या वारशात काय काय येतं ते क्रमाने सांगते. रागावले तरी मला क्रमानेच सांगता येतं. जन्मभर फळ्यावर लिहिलं आहे.

आधी घर. आपल्या घराची पुढची पडवी तुम्हाला आवडते. ऐसपैस, तिन्ही बाजूंनी उघडी, समुद्राचा वारा सरळ आत. तिथे पुरुष बसतात. आता स्वयंपाकघर आठवा. मागच्या अंगाला, बुटकं, काळं. एक खिडकी, सुपाएवढी. पावसाळ्यात वाऱ्याने चूल विझू नये म्हणून तिलाही गोणपाट लावलेलं. घर बांधणाऱ्याने हवा कुणाला द्यायची हे ठरवूनच घर बांधलं.

मग फुंकणी. तुम्ही तिला बासरीसारखी तोंडाला लावून फोटो काढले होते. लोखंडी नळी. लाकूड ओलं असलं की पेटत नाही, नुसतं धुमसतं. मग चुलीच्या तोंडाशी वाकायचं आणि नळीतून फुंकायचं. फुंकायचं म्हणजे आधी छाती भरून श्वास घ्यायचा. कुठला श्वास? तिथलाच. चुलीतोंडचा. एकदा नाही, दर भाकरीला. आमच्याकडे बाईला फुंकणी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिळते.

आणि वैनी. तुमची वैनीआजी. माझी थोरली जाऊ, दादांची बायको. दादा म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. ते मुंबईला नोकरीला, वैनी इथे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती या घरात चांगली रुळलेली होती. चौथीपर्यंत शिकलेली. जीभ मात्र माझ्या पदवीपेक्षा धारदार.

रौप्यमहोत्सवाच्या त्या दिवशी मी घरी आले आणि विहिरीवर जाऊन केस धूत बसले. शिकेकाई संपली तरी धूतच होते. वैनी कळशी घेऊन आली.

"काय झाला गो? अवेळी केस कित्याक धुतंस?"

मी सांगितलं.

ती आधी हसली. "तिच्या नाकाक काय सोन्याचो मुलामो आसा? धुराचो वास येता म्हणे! तिच्या घराकडे काय देव येवन रांदून जाता?" मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. कळशी खाली ठेवली.

"उद्यापासून सकाळी तू चुलीकडे येव नको. तुका शाळेक जावचा आसता. मी बगतंय."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी टोमणा मारलाच. "शिकलेलीक चुलीची लाज वाटाक लागली."

वैनी भाकरी थापता थापता म्हणाली, "तिका लाज नाय आवशीनू. तिका शाळा आसा."

त्या दिवसापासून माझ्या वाटणीचा सकाळचा धूर वैनीने घेतला. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही. तुम्ही पुन्हा वाचा.

अध्यक्षांच्या बायकोला वास नको होता. वास गेला. माझ्या अंगावरून गेला. तो पुढे कुणाच्या छातीत गेला हे विचारण्याची तिला गरज नव्हती. मी निवृत्त झाले तेव्हा त्याच शाळेने मला शाल दिली. शालीला छान वास येत होता.

सासूबाई गेल्या. दादा निवृत्त होऊन गावी आले. मी हट्टाने घरात गॅस आणला. तो कुठे ठेवला? माजघरात, कोपऱ्यात, वर भरतकामाचं झाकण घालून. पाहुणा आला की त्यावर चहा. बाकी सगळं चुलीवर. दादांचा नियम.

"गॅसवरची पेज म्हंजे आजाऱ्याचा जेवण," ते म्हणायचे. "चव नाय, काय नाय. आणि पोटाक बादता."

मुंबईत इतकी वर्षं खानावळीतलं स्टोव्हवरचं आणि गॅसवरचं जेवले, तेव्हा पोटाला काही बाधलं नव्हतं. हे मी एकदा बोलले. तुमचे आजोबा मला डोळ्यांनी म्हणाले, गप्प. ते भले होते. पण भल्या माणसालाही रोज तयार पान मिळत असलं की त्याला स्वयंपाकघराचा धूर दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ही चूक आमच्याच भागातले लोक करू जाणोत. पावसात सुकी लाकडं संपतात. दादांनी शक्कल काढली. जवळच्या काजूच्या कारखान्यातून टरफलांची पोती आणायची. ती भरभरून पेटतात, कारण टरफलात तेल असतं. आता हे तेल काय असतं ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बोटाला लागलं तर कातडी भाजून निघते. काजू सोलणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर खोबरेल चोपडल्याशिवाय टरफलाला हात लावत नाहीत. दादाही लावत नसत. पोती उतरवताना गड्याला ओरडायचे, "हात सांभाळ रे!" आणि तीच टरफलं त्यांनी बायकोच्या नाकाखाली पेटवायला दिली. धूर काळा, चिकट. स्वयंपाकघराच्या वाशांवर त्याचा डांबरासारखा थर बसला. तो तुम्ही नखाने खरवडून बघितला होता आणि "वॉव, किती जुनं" म्हणाला होतात. तो तितका जुना नव्हता.

कातडीला लागू नये म्हणून एवढी काळजी. फुफ्फुस दिसत नाही, म्हणून त्याची नाही.

वैनीला खोकला लागला. घरात कुणी मनावर घेतलं नाही. चुलीपुढच्या बाईला खोकला असायचाच, जसा मासेवालीच्या हाताला वास असायचाच. शेजारणी म्हणाल्या दमा. कुणी अडुळसा दिला, कुणी ज्येष्ठमध. ती वाळत गेली. पाठीत दुखतं म्हणायची. एक दिवस पदरात रक्त पडलं, तेव्हा मी कुणाला न विचारता गाडी ठरवली. दादा पुढच्या सीटवर बसले. मोठ्या शहरातल्या इस्पितळात गेलो.

तिथे तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि दादांना विचारलं, "बाई विडी ओढतात? मिश्री?"

दादा म्हणाले, "छे छे. आमच्या घरात असलं काही नाही."

डॉक्टर हसले. "काका, खेड्यातल्या बायका चोरून ओढतात. घरच्यांना पत्ता नसतो."

वैनी तिथेच बसली होती. त्या दोघांच्या मधोमध. ती म्हणाली, "ओ डाक्टरानू, मी हय बसलंय. माका इचारा मां."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दादांना म्हणाले, "घरी गेल्यावर शांतपणे विचारा त्यांना. लपवण्यात अर्थ नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, ती जन्मभर चुलीवर स्वयंपाक करते. लाकडं, काजूची टरफलं. बंद खोलीत."

"हो हो, ते सगळेच करतात," ते म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

घरी आल्यावर दादांनी शांतपणे विचारलं नाही. वैनीची लोखंडी ट्रंक माजघरातून ओढून पडवीत आणली. सगळ्यांदेखत. तिचा मुलगा होता, सून मनाली होती, शेजारचे दोघे तब्येतीची चौकशी करायला आलेले होते.

"खरां सांग. चोरून ओढतंस? म्हातारपणाक माझा नाक कापू नको."

वैनी खांबाला टेकून बसली. दम लागला होता.

दादांनी ट्रंक उघडली. एकेक लुगडं काढून झटकलं. लग्नातला शालू. पोराचं पहिलं टोपरं. कागदात बांधलेला ज्येष्ठमध. देवळातल्या अंगाऱ्याची पुडी. विडी नव्हती. माचीसही नव्हती. मग त्यांनी एक लुगडं नाकाशी धरलं.

"मगे ह्यो वास कसलो?"

वैनी म्हणाली, "तुमच्या पेजेचो."

नाकाशी धरलेलं लुगडं मी पाहिलं आणि मला तो मांडव दिसला. नाकाला लावलेला तो पदर दिसला. तिथे एक शहाणी बाई, इथे एक कर्ता पुरुष. दोघांनाही आमच्या कपड्यांचा वास आला. दोघांनाही वाटलं, दोष आमचा. आम्हीच काहीतरी घाण केली असणार.

मी पडवीत जाऊन खाली बसले आणि एकेक लुगडं घडी घालून परत ट्रंकेत ठेवलं. त्या दिवशी मी एवढंच केलं.

पुढच्या खेपेला दादांना घेतलंच नाही. आम्ही दोघीच गेलो. या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या, वयाने लहान. त्यांनी खुर्ची वैनीकडे वळवली आणि तिलाच विचारलं, "आजी, जेवण कशावर करता? किती वर्षांपासून?" वैनीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. फुफ्फुसाचा कॅन्सर आहे आणि तो पसरला आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

मी विचारलं, "चुलीने होतो का हा?"

त्या म्हणाल्या, "घरात लाकूड जाळल्याचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला तर धोका वाढतो. एका माणसाच्या बाबतीत बोट दाखवून, हा याच धुराने झाला, असं मी लिहून देऊ शकत नाही. पण यांना विडी ओढायची गरज नव्हती. विडी न ओढणाऱ्या बाईलाही हा आजार होतो. चोरून काही न करता होतो."

वैनीने विचारलं, "मगे माका आमच्या घरात चोर कित्याक केल्यानी?"

परतताना ती गाडीच्या खिडकीला डोकं टेकून बसली होती. घाट उतरून खाली आलो, ओळखीची झाडं दिसायला लागली, तेव्हा म्हणाली, "इतकी वर्सा माका वाटला गो, धूर फकत डोळ्यांक लागता."

आंब्याला मोहर आला तेव्हा ती गेली.

दिवसांना गाव आलं. पडवीत बसून लोक हळू आवाजात बोलत होते. माझ्या कानावर आलं, "विडी ओढी म्हणे." कुणाकडून पसरलं ते मला ठाऊक आहे. पडवीत उघडलेली ट्रंक दोन शेजाऱ्यांनी पाहिली होती. तिच्यात विडी निघाली नाही हे मात्र कुणी सांगितलं नाही. तेराव्याचं जेवण चुलीवर झालं. चुलीपुढे मनाली बसली. फुंकणी तीच. वैनीची. सासूबाईंची.

नंतर त्या लहान डॉक्टरबाईंनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं, म्हणून मी गेले. माझी छाती स्वच्छ निघाली. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "आजी, नशीबवान आहात."

नशीब नव्हे. वैनी.

आता या वर्षीचा गणपती. तुम्हाला जे कळलं आहे ते अर्धवट आहे, म्हणून नीट सांगते.

घर भरलेलं होतं. मुंबईचे सगळे आलेले, तुम्ही दोघं तेवढे नव्हतात. पडवीत पत्ते, हसणं, चहा. आत मनाली. पिंगुळीकडची ही मुलगी, वैनीच्या मुलाची बायको. नवरा गोव्यात नोकरीला, शनिवारी येतो. नैवेद्याचा स्वयंपाक चालला होता. काळ्या वाटाण्यांचं सांबार, भात, वरण, मोदक. सगळं चुलीवर, कारण दादांच्या मते गणपतीला गॅसवरचं चालत नाही. लाकडं ओली. चुलीत टरफलं. खिडकीला गोणपाट. मी दाराशी आदोळीवर बसून नारळ खवत होते. धुरात मला मनाली नीट दिसत नव्हती, फक्त खोकला ऐकू येत होता. कोपरात तोंड दाबून खोकत होती, नैवेद्यावर थुंकी उडू नये म्हणून.

मलाही ठसका लागला. तर ती फुंकणी खाली ठेवून वळली. डोळे लाल, चेहऱ्यावर काजळी.

"काकीनू, तुमी भायर बसा. तुमका सोसाचा नाय. मी बगतंय."

मी बगतंय.

विहिरीवर वैनी म्हणाली होती तेच. त्याच मायेने. पुढचं सगळं मला तिथेच दिसलं. ट्रंक, घाट, तेराव्याचं जेवण. आता तिसरी कुणी येईल आणि मनालीच्या वाटणीचा धूर मायेने मागून घेईल. आमच्या घरात बायका एकमेकींना हेच देत आल्या. याहून दुसरं काही द्यायला आमच्या हातात कुणी ठेवलंच नाही.

मी उठले. "मनाली, टोप उतर."

"कित्याक?"

"उतर म्हणतंय मां."

तिने उतरला. मी पाण्याची कळशी उचलली आणि चुलीत ओतली. सगळी. चूल किंचाळावी तसा आवाज झाला. राख आणि वाफ छपरापर्यंत गेली. मनाली भिंतीला चिकटून उभी राहिली. मी खिडकीचं गोणपाट ओढून काढलं.

आमच्याकडे पेटती चूल पाण्याने विझवणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. तसं फक्त घरात माणूस गेलं की होतं, असं आम्हाला लहानपणी सांगत. पडवीतले पत्ते थांबले. दादा सोवळ्यात होते, तसेच आले.

"काय केलंस ह्या? गणपती बसलेलो आसा घरात! नैवेद्याच्या येळाक अपशकुन?"

या माणसाशी मी जन्मभर मान खाली घालून बोलत आले. या वेळी मान वर होती.

"अपशकुन कधीच झालो, दादानू. तुमी वैनीच्या ट्रंकेत विड्या सोदी होतात, तेवा झालो."

मागे मुंबईकर गोळा झाले होते. कुणीतरी म्हणालं, "काकी, आता शांत राहा, सणाचा दिवस आहे."

दादा म्हणाले, "गॅसवरचो नैवेद्य देवाक चलाचो नाय. परत पेटव गो मनाली."

मनाली हलली नाही. मी खाली वाकून फुंकणी उचलली. गरम होती. ती त्यांच्यापुढे धरली.

"देवाक चुलीवरचाच व्हया ना? घेवा. तुमी फुंका."

दादांनी फुंकणीकडे पाहिलं. घेतली नाही. मी ती त्यांच्या मुलापुढे, मनालीच्या नवऱ्यापुढे धरली. मग एकेका पुतण्यापुढे. चुलीवरच्या चवीबद्दल सकाळीच जो मोठमोठ्याने बोलत होता, त्याच्यापुढे जरा जास्त वेळ धरली. घरात इतके धडधाकट पुरुष होते, सगळ्यांना चुलीवरचं हवं होतं, आणि ती हातभर लांब नळी कुणालाही पेलवली नाही.

मी मनालीला म्हटलं, "गॅस उचल. पडवीत मांड."

"पडवीत?"

"थय वारो आसा."

आम्ही दोघींनी शेगडी आणि सिलिंडर पडवीत आणला. पत्ते बाजूला सारले. पुरुष अंगणात उतरले, कारण उभं राहायला जागा नव्हती. राहिलेला नैवेद्य तिथे झाला. उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात. मनालीचा चेहरा उजेडात मला पहिल्यांदा धड दिसला. काजळीखाली ती किती लहान आहे.

आरती झाली. दादा जेवले नाहीत. मी त्यांना आग्रह केला नाही. पंगतीत एक पुतण्या घास चावत म्हणाला, "ती चव नाय हां काकी."

मी म्हटलं, "नसतली. ती चव वैनीच्या छातीतली होती."

तो पान तसंच टाकून उठला. उठू दे.

तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं की आजीने रागाच्या भरात चूल मोडली. खोटं आहे. रागाच्या भरात मी पाणी ओतलं. चूल मोडली ती नंतर, पूर्ण विचार करून. विसर्जन झालं, मुंबईकर गेले, आणि दादांनी माणूस बोलावून चूल पुन्हा सारवून घेतली. मी सकाळी उठून पाहिलं तर ती ओली, गुळगुळीत, नवी नवरी दिसावी तशी. मी चहा घेतला. कप धुऊन ठेवला. मग मागच्या पडवीतून पहार आणली आणि चूल फोडली. तळाच्या दगडांपर्यंत. विटा बाहेर नेऊन माडाच्या आळ्यात टाकल्या.

दादा दारात उभे होते. "तुका ह्या घरात रवाचा नाय काय?"

"माका रवाचा आसा. मनालीक पण रवाचा आसा. जिती."

गावात माझ्याबद्दल बोलतात. शिकलेल्या सुनेने घर बाटवलं. पाटावरचा गणपती उपाशी ठेवला. देवळात बायका माझ्या बाजूला बसत नाहीत. पण दोघी मागच्या दाराने येऊन विचारून गेल्या, छातीचा फोटो कुठे काढतात. त्यांना मी पत्ता दिला. तिसरी आली तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला बांधावरून परत नेलं.

आणि विड्यांची ती गोष्ट मी जिथे ऐकते तिथे मोडते. दुकानात, देवळात, लग्नात. मोठ्याने. तिने कधी विडी ओढली नाही. तिच्या नवऱ्याला चुलीवरची पेज लागायची. लोकांना हे ऐकायला आवडत नाही. मी शिक्षिका होते, वर्गाला न आवडणारा धडाही मी पुरा शिकवत असे.

रेवा, तुझ्या भिंतीवर वैनीआजीचा फोटो आहे. चुलीपुढे बसलेली, वरच्या काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप आलेली, ती नेमकी तिच्या हातावर. तू तो किती लोकांना दाखवलास, सगळ्यांनी केवढी वाहवा केली, ते मला माहीत आहे. तो उतरवू नकोस. पण यापुढे कुणी "किती सुंदर प्रकाश" म्हणालं तर सांग, ही तिरीप दिसते ती धुरामुळे. हवा स्वच्छ असती तर ती कॅमेऱ्यात आलीच नसती. आणि मग सांग या बाईला काय झालं. सांगता येत नसेल, तर फोटो मला परत पाठव.

चिन्मय, तू गावी आलास की तुला भाकरी मिळेल. गॅसवरची, पडवीत केलेली. थापायला तूही बसशील.

काल अंगणात पुन्हा मातीचा ढीग येऊन पडला आहे. वर गोणपाट टाकलं आहे, मला दिसू नये म्हणून. तेच गोणपाट, खिडकीचं. नव्या चुलीसाठी दादांनी आणवलेली माती. बांधू देत. ज्या दिवशी बांधतील, त्याच दिवशी फोडीन. परत बांधली तर परत. माझ्या हातून उचलली गेली नाही, तर मनाली उचलेल. पहार मी तिला दाखवून ठेवली आहे. दाराआड आहे.